भेट आणि परतभेट
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनाला कोणी बोलायचे याची चर्चा चालली होती तेव्हा मी नेहमीप्रमाणे जमाखर्चाच्या वहीत डोके घालून बसले होते. डोके वर काढले तो माझे नाव लिहूनही झाले होते. एकतीस वर्षे शाळेत शिकवले म्हणजे हिला बोलायला काय अवघड, असा तुमचा समज असावा. पण वर्गात बोलणे सोपे असते. वर्गातल्या मुलांना बाईंच्या घरातले काही ठाऊक नसते. तुम्हाला माझे सगळे ठाऊक आहे. निदान तसे तुम्हाला वाटते. एक गोष्ट मात्र तुम्हाला ठाऊक नाही, आणि आज मी ती सांगणार आहे.

मला विषय दिला आहे, सतारमेकर गल्लीतल्या मुसलमान भगिनी आणि आपले मंडळ यांच्यातल्या भेटींचा. अहवालात या भेटींची चार ओळींत नोंद आहे. "उभयपक्षी स्नेहभाव वाढीस लागला," असे चिटणीसबाईंनी लिहिले आहे. ते खोटे नाही. पण स्नेहभाव काही दुधावरच्या सायीसारखा आपोआप धरत नाही. तो वाढण्याआधी काय काय आड आले, तेही कोणीतरी सांगायला हवे.

आपण मिरजेच्या बायका. बाहेरगावचा पाहुणा आला की आपण त्याला मोठ्या कौतुकाने ख्वाजा मीरासाहेबांचा दर्गा दाखवतो. उरुसात चर्मकार समाजाच्या गलेफाला केवढा मान असतो ते सांगतो. दर्ग्याच्या आवारात अब्दुल करीम खाँसाहेब चिरनिद्रा घेत आहेत, ते १९३७ साली गेले आणि त्यांच्या स्मरणार्थ दर वर्षी तिथे गाणे होते, हेही सांगतो. खाँसाहेब मुसलमान, त्यांनी मराठी नाट्यपदे गायली. आणि त्यांचे पट्टशिष्य सवाई गंधर्व हे मूळचे रामभाऊ कुंदगोळकर. मग पाहुण्याला सतारमेकर गल्लीत नेतो. एके काळी हत्यारे घडवणाऱ्या शिकलगारांच्या हातांनी सतारी आणि तंबोरे घडवायला घेतले, आणि त्या तंबोऱ्यांचे भोपळे येतात कुठून, तर पंढरपूर-मंगळवेढ्याकडून. पाहुणा थक्क होतो. आपल्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. शेजारी कडेगावला मोहरमात हिंदूंचे आणि मुसलमानांचे उंच उंच ताबूत एकमेकांना भेटतात. त्या सोहळ्याला 'भेटी' असेच म्हणतात.

हे सारे खरे आहे आणि मला त्याचा अभिमान आहे. पण दर्ग्याचा अभिमान बाळगायला शेजारणीच्या घरात पाऊल टाकावे लागत नाही. मी तरी कित्येक वर्षे टाकले नव्हते.

१९८३ साली मी लग्न होऊन मिरजेत आले. आमच्या घराचे मागचे दार त्या गल्लीच्या बोळात उघडते. समोर एक सतारमेकरांचे घर. तिथल्या थोरल्या बाईंना सगळे आपा म्हणतात, म्हणून मीही आपा म्हणू लागले. आपा दर दिवाळीला आमच्याकडे फराळाला येत. करंजी खाऊन "बाई, यंदा पारी जाड झाली," असे स्पष्ट सांगत. मी मात्र त्यांच्याकडे कधी गेले नाही. कधी परीक्षेचे पेपर, कधी सासूबाईंचे दुखणे. कारण शोधले की सापडते.

ईदेला त्यांच्याकडून शीरखुर्म्याचा डबा यायचा. मी तो मोठ्या तोंडभर हसून घ्यायची आणि दुपारी भांडी घासायला येणाऱ्या बाईला देऊन टाकायची. रिकामा डबा परत करू नये, म्हणून त्यात साखर भरून पाठवायची. डबा कधी रिकामा धाडला नाही, एवढ्यावर माझा सुसंस्कृतपणा उभा होता.

आता ती गोष्ट. २००९ साली गणेशोत्सव आणि रमजान एकाच वेळी आले होते. सप्टेंबरात एका स्वागत कमानीवरच्या चित्रावरून आपल्या गावात दंगल झाली, संचारबंदी लागली, आणि तिचे लोण सांगली-इचलकरंजीपर्यंत गेले. ते दिवस तुम्हीही काढले आहेत. कोणाचे काय चुकले हे बोलायला मी उभी नाही. मी माझ्या मागच्या दारापुरते बोलणार आहे.

संचारबंदीचा दुसरा दिवस. संध्याकाळ झाली होती. रोजा सुटायची वेळ असावी. मागच्या दाराची कडी वाजली. हलकेच, दोनदा. मग आपांचा आवाज आला, "बाई, थोडे दूध आहे का? नातवासाठी हवे आहे." त्यांच्या सुनेला चार महिन्यांपूर्वी मुलगा झाला होता आणि दुकाने बंद होती. आमच्या घरात दूध होते. सणाचे म्हणून जास्तीचे घेऊन ठेवले होते. आमचे यजमान खुणेने 'नको' म्हणाले. पण यजमानांच्या माथी मी हे मारणार नाही, कारण दाराजवळ मी उभी होते. माझ्या मनात आले, आपांबरोबर आणखी कोणी असेल तर? ज्या बाईला मी सव्वीस वर्षे ओळखत होते, तिच्याबद्दल माझ्या मनात हे आले. मी दार उघडले नाही. माजघरातला दिवा मालवला आणि श्वास रोखून उभी राहिले. कडी पुन्हा वाजली नाही.

त्या दिवाळीला आपा नेहमीसारख्या आल्या, करंजी खाल्ली. त्या काही बोलल्या नाहीत, मीही बोलले नाही. अशी आठ वर्षे गेली.

२०१७ च्या हिवाळ्यात आपल्या भजनी मंडळाच्या तंबोऱ्याचा भोपळा तडकला. दुरुस्तीचे काम माझ्याकडे आले, कारण गल्ली माझ्या दारात. मी तंबोरा घेऊन आपांच्या मुलाच्या दुकानात गेले. त्याची बायको तिथेच तारा गुंडाळत बसली होती. ती हसून म्हणाली, "बाई, दुकानात आलात, घरात कधी येणार? एकट्या नको, सगळ्या मंडळालाच आणा. मशीदही दाखवू." मी ते कार्यकारिणीत सांगितले. मला वाटले होते, विषय तिथेच संपेल. पण अध्यक्षबाई म्हणाल्या, "बोलावले आहे तर जायला हवे." झाले.

आपण चौदा जणी गेलो. डोक्यावरून पदर घेतले, चपला बाहेर काढल्या. मौलानासाहेबांनी वजू करायचा हौद दाखवला. नमाज पश्चिमेकडे तोंड करून का पढतात, तर आपल्या देशापासून मक्का पश्चिमेला आहे म्हणून, हे सांगितले. आत पाहतो तो मोकळी जागा, चटया आणि भिंतीत एक कोनाडा. आपल्यापैकी एकीने धीर करून विचारले, "बांगेत रोज अकबर बादशहाचे नाव कशाला घेतात?" मौलानासाहेब हसले नाहीत. म्हणाले, "अकबर म्हणजे सर्वांत मोठा. देव सर्वांत मोठा आहे, एवढाच अर्थ. बादशहाचा काही संबंध नाही." विचारणारी कोण होती ते सांगत नाही, पण त्या दिवशी आम्ही बाकीच्या तेरा जणी तिच्या उपकारात होतो. निम्म्यांना तरी तीच शंका होती.

मग आपांच्या घरी गेलो. तीस-पस्तीस वर्षांत प्रथमच मी त्या उंबरठ्याच्या आत आले. सतरंजी अंथरलेली होती आणि मधोमध ताटात केळी ठेवली होती. फक्त केळी. चहा नाही, चिवडा नाही. मला क्षणभर कळले नाही. मग कळले, आणि मान खाली गेली. आपण त्यांच्या भांड्यातले खाणार नाही हे त्यांनी आधीच धरले होते. केळ्याला साल असते. पाहुण्यांची अडचण होऊ नये म्हणून त्या माउलीने असे फळ आणले होते, की ज्याला तिचा हात आतून लागलेला नाही. माझ्या साखरेच्या डब्याचे गुपित तिला बहुधा पहिल्या वर्षापासूनच ठाऊक होते.

केळी खाऊन परत येताना आपल्यातल्या एकीने म्हटले, "छान झाले, पाहून आलो." मला ते 'पाहून आलो' खटकले. राणीच्या बागेतून आल्यावर आपण तसे म्हणतो. घरून आलो की 'भेटून आलो' म्हणतो, आणि भेटीला परतभेट लागते. म्हणून संक्रांतीला त्यांना बोलवायचे ठरले.

तेव्हा खरी कसोटी लागली. हळदीकुंकवाला मुसलमान बायका कशा बोलवायच्या? कुंकू लावले तर त्यांना चालेल का? न लावले तर अपमान होईल का? दोन तास सभा चालली. दोघी तिघी रागावून गेल्या, त्यांतली एक अजून परत आलेली नाही. शेवटी ठरले की तिळगूळ आणि फूल सगळ्यांना, हळदीकुंकू जिला हवे तिला. त्याही अकरा जणी आल्या. एकीने हौसेने कुंकू लावून घेतले, बाकीच्यांनी फूल घेतले. एवढ्यासाठी आपण दोन तास भांडलो होतो.

पण अडचण आली ती भलतीकडूनच. आपांनी विचारले, "त्या ताई मागे भिंतीपाशी का बसल्या आहेत? त्यांचे काही बिनसले आहे का?" आपल्या एक जुन्या सभासद, यजमान गेल्यापासून त्या संक्रांतीला मागेच बसत. कोणी बसवले नव्हते, आणि पुढे या असेही कोणी म्हटले नव्हते. आपांच्या प्रश्नाला आपल्यापैकी एकीलाही उत्तर देता आले नाही. आपा स्वतः विधवा. त्या म्हणाल्या, "आमच्यात चार महिने दहा दिवस इद्दत असते. नंतर बाई चौघींसारखी. मनात असेल तर दुसरा निकाहही करते." मग आपण सगळ्या गप्प बसलेल्या पाहून त्याच म्हणाल्या, "आमच्यातही सगळे चांगले आहे असे नाही हो. तीनदा तलाक म्हणून बाईला घराबाहेर काढत होते. आत्ता कुठे कोर्टाने ते रद्द केले." सर्वोच्च न्यायालयाचा तो निकाल ऑगस्ट २०१७ चा, तेव्हा अगदी ताजा होता.

त्या दिवशी गप्पांना जो रंग चढला तो मी विसरणार नाही. आपल्या एका तरुण सभासदाने विचारले, "मशिदीत बायका का नाहीत?" आपांची सून पटकन म्हणाली, "हे आम्हीही विचारतो!" मग कोणीतरी २०१६ सालाची आठवण काढली. त्या एकाच वर्षी एप्रिलात शनिशिंगणापूरच्या चौथऱ्यावर बायकांना जाता आले, आणि ऑगस्टात हाजी अलीच्या मजारीपर्यंत बायकांना जाऊ द्यावे असा निकाल मुंबई उच्च न्यायालयाने दिला. देवाच्या दारात बायकांना थांबवण्यापुरते दोन्ही घरांचे चांगले जमते, असे म्हणून सगळ्या हसलो. पुढे जानेवारी २०२० मध्ये मुस्लिम पर्सनल लॉ बोर्डानेही सर्वोच्च न्यायालयात सांगितले, की बायकांना मशिदीत नमाज पढायला धर्माची मनाई नाही.

आपल्याकडे पुढच्या संक्रांतीपासून भिंतीपाशी कोणी बसत नाही. वाण सर्वांना मिळते. हे आपल्याला आधी सुचायला हवे होते. पण घरातला केर घरच्यांना दिसेनासा होतो, पाहुणीला दिसतो. पाहुणीला घरात घेण्याचा हाही एक लाभ आहे, फक्त ती बोलली तर आपण रागवायचे नाही.

आता माझ्या गोष्टीचा शेवट. २०१८ च्या जूनमध्ये रमजान ईद आली. त्या दिवशी मी एकटीच मागच्या दाराने आपांकडे गेले. शीरखुर्म्याची वाटी पुढे आली. फारशीत शीर म्हणजे दूध आणि खुर्मा म्हणजे खजूर. तो शीर आणि आपला संस्कृतातला क्षीर हे एकाच मुळाचे शब्द आहेत. हे मी वर्गात मुलांना शिकवले होते. चव मात्र पस्तीस वर्षांनी घेतली. दोन चमचे खाल्ले आणि मला पुढे गिळवेना. मी त्यांना सगळे सांगून टाकले. दंगलीतली ती संध्याकाळ, दूध, दिवा.

आपा म्हणाल्या, "बाई, मला ठाऊक होते. माजघरात उजेड होता. मी कडी वाजवली आणि तो गेला."

मी विचारले, "मग इतकी वर्षे दिवाळीला कशा आलात?"

त्या म्हणाल्या, "आले नसते, तर मला कळले आहे हे तुम्हाला कळले असते. मग तुम्ही लाजेने कधीच आला नसता."

"आणि बाळाचे काय केलेत?"

"तांदळाची पेज पाजली. आता चौथीत जातो. तुमच्याच शाळेत." थोडे थांबून त्या म्हणाल्या, "तुमच्या जागी मी असते तर काय केले असते, ते मी कसे सांगू?"

त्यांनी मला माफ केले असे मी म्हणत नाही. त्यांनी तो शब्द वापरला नाही, आणि मीही मागितला नाही. वाटी मात्र मी पुसून खाल्ली.

भगिनींनो, अशा भेटी केवळ आपल्याकडेच होतात असे नाही. जर्मनीत १९९७ पासून दर वर्षी ३ ऑक्टोबरला, म्हणजे त्यांच्या राष्ट्रीय एकतेच्या दिवशी, मशिदी सर्वांसाठी खुल्या ठेवतात. इंग्लंडात २०१५ पासून असा दिवस पाळतात. आपल्या महाराष्ट्रातही 'मस्जिद परिचय' या नावाने असे कार्यक्रम होतात. गॉर्डन ऑलपोर्ट नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९५४ साली या विषयावर ग्रंथ लिहिला. नुसते जवळ राहिल्याने मने जुळत नाहीत, असे त्यांचे म्हणणे. भेटणारे बरोबरीच्या नात्याने भेटावेत, त्यांच्यापुढे काही समान काम असावे, ते काम एकमेकांच्या मदतीने व्हावे आणि वडीलधाऱ्यांचे त्याला पाठबळ असावे, तर पूर्वग्रह कमी होतो. पुढे पाचशेहून अधिक अभ्यास तपासून २००६ मध्ये दोघा संशोधकांनी दाखवले, की प्रत्यक्ष संबंधाने पूर्वग्रह बहुधा कमीच होतो. मी वाचले तेव्हा मला पटले. नुसत्या शेजाराने काय होते, त्याचा माझ्या मागच्या दाराने सव्वीस वर्षे पुरावा दिला होता.

समान काम आपल्याला २०१९ च्या ऑगस्टात मिळाले. कृष्णेचे पाणी सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ ५७ फुटांवर गेले आणि घरे सोडून आलेली माणसे मिरजेत येऊ लागली. या हॉलमध्ये आपण आणि गल्लीतल्या बायकांनी मिळून भाकरी थापल्या. बकरीदही त्याच दिवसांत आली. आपा म्हणाल्या, "ईद पुढच्या वर्षी येईल, पूर ओसरेपर्यंत चूल इथे." कोणाची भाकरी कोणत्या हाताची हे त्या आठ दिवसांत कोणी विचारले नाही, आणि टोपल्यात पडल्यावर ते ओळखूही येत नव्हते. आपांच्या भाकरीच्या कडा तेवढ्या जाड होत, हे मी त्यांना सांगितले. करंजीचा हिशेब चुकता झाला!

सगळे आलबेल झाले, असे सांगून मी तुम्हाला फसवणार नाही. रागावून गेलेल्या आपल्या सभासदाबद्दल सांगितलेच. तिकडेही एका मुलीला घरच्यांनी आपल्याकडे येऊ देणे बंद केले. मोबाईलवर कोणी काही पाठवले की अजूनही आपल्या पोटात गोळा येतो, त्यांच्याही येतो. वर्षातून दोन भेटींनी गावातली तेढ मिटते असा माझा दावा नाही. फरक एवढाच, की आता गोळा आला की आपण एकमेकींना विचारतो. आपांच्या सुनेचा नंबर आपल्या अकरा जणींकडे आहे आणि आपले नंबर तिच्याकडे आहेत.

कार्यकारिणीला माझी एक विनंती आहे. या भेटींचे कार्यक्रम करू नका. पाहुणे, हार, भाषणे, छायाचित्रे एवढ्यावर त्या थांबल्या तर पुन्हा 'पाहून आलो' होईल. त्यापेक्षा प्रत्येकीने एक घर धरावे. तिच्याकडे जावे, तिला बोलवावे, तिच्या हातचे खावे, आणि तिने आपल्या घरातले काही खटकले असे सांगितले तर ऐकून घ्यावे. आपल्याला खटकले तर तिलाही मोकळेपणाने सांगावे. त्यात कोणाचा धर्म बुडत नाही. माझी एकादशी चालूच आहे, त्यांचे रोजे चालूच आहेत.

आणि मंडळातल्या तरुण मुलींना एवढेच सांगते. गावात पुन्हा तशी वेळ येऊ नये. पण आलीच, आणि मागच्या दाराची कडी वाजली, तर दार उघडायचा धीर त्या घटकेला आयता येत नाही. तो आधीपासून थोडाथोडा साठवावा लागतो. मी साठवला नव्हता.

आपा आज सभेला आल्या आहेत. मी हे सांगू का, असे मी त्यांना काल विचारले होते. त्या म्हणाल्या, "सांगा, पण केळ्यांचे सांगू नका, मला लाज वाटते." आपा, तेही मी सांगितले. लाज माझी होती, म्हणून सांगितले.